कारण : ऊन

आधी आवाज आला, गाडी नंतर दिसली. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे मला त्याच क्षणी कळलं. पण कळलेलं सगळंच माणूस मनावर घेतो असं नाही. आवाज फार मोठा नव्हता. लोखंडी कपाट फरशीवरून सरकवताना होतो तसा, जरा लांबलेला. मी ब्रेक दाबला, मान डावीकडे वळवली, तर तिथे एक करड्या रंगाची जुनी गाडी माझ्या डाव्या दाराला खेटून उभी. सोमवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. लाँड्रीसमोरच्या रांगेतून मी गाडी बाहेर काढत होते. लाँड्रीतून घेतलेले माझे दोन पांढरे कोट मागे हँगरला लटकत होते आणि अजून हलत होते. ते हलायचे थांबेपर्यंत मी उतरले नाही.

त्या गाडीत माणूस बसलेला होता. तो उतरला, पण घाईने नाही आणि रागानेही नाही. पंच्याहत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. माझ्याकडे बघण्याआधी त्यांनी गाडीचा मागचा कोपरा बघितला. कशाचाही आधार न घेता उकिडवे बसले आणि बोटाने ओरखडा चाचपला. बंपरच्या कोपऱ्याला वाटीएवढा खळगा पडला होता आणि त्याच्या वर माझ्या गाडीच्या पांढऱ्या रंगाची वीतभर रेघ उमटली होती. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि मला असं उकिडवं बसता येत नाही, हा विचार त्या वेळी मनात येणं बरोबर नव्हतं, पण आला.

“तुम्हाला लागलं नाही ना, ताई?”

“नाही. तुम्हाला?”

“मी तर उभाच होतो,” ते म्हणाले. “तुम्ही येताय बघून हॉर्नही वाजवला.”

हॉर्न मी ऐकला होता. कोणीतरी कोणाला तरी वाजवतंय, असं वाटलं होतं. “ऊन आलं हो डोळ्यांवर,” मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा मान वर करून आकाशाकडे बघितलं. ढगाळ होतं, सकाळपासून ढगाळच होतं. मग ते पुन्हा बंपरकडे बघू लागले, आणि त्यांनी काही म्हटलं नाही याचा मला फार राग आला.

विम्याचा विषय मीच काढला. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हणाले, की माझा विमा आहे, आपण सगळं रीतसर करू. माझ्या गाडीचा विमा माझी लेक भरते, तिच्या कॉम्प्युटरवरून. काहीही झालं की पहिला निरोप तिच्या फोनवर जातो. गेलं वर्षभर ती मला फार गोड आवाजात सांगतेय, की आई, आता गाडी पुरे, टॅक्सी आहे, मी आहे. तिला फक्त एक कारण हवंय. आणि गाडी गेली म्हणजे काय जाणार, हे तिला माहीत नाही असंही नाही. मंगळवारी आणि गुरुवारी नातीला शाळेतून मी आणते. ते दोन दिवस सोडले तर माझ्या आठवड्याला तसा आकार नाही. बाकीचे दिवस नुसते एकामागून एक येतात.

“कंपनी कशाला?” ते गृहस्थ म्हणाले. “ते फॉर्म पाठवणार, फोटो मागणार, मग एक माणूस पाठवणार. तो माझं वय विचारणार. आणि मग माझ्या मुलाला कळणार.” बाकीचे लोक ‘पोलिसांना कळणार’ म्हणतात त्या सुरात त्यांनी हे म्हटलं.

“माझ्याकडे मुलगी आहे,” मी म्हणाले.

“मग झालं तर. आपसांत मिटवू.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही थोडे हसलो, परीक्षेत एकाच बाकावर कॉपी करताना सापडता सापडता वाचल्यासारखे. पोरं लहान असताना आपण त्यांच्यापासून चॉकलेटं लपवतो. पुढे काय काय लपवावं लागेल, हे तेव्हा कोणी सांगत नाही. त्यांनी गाडीतून एक वही काढली, दोन पानांमध्ये कार्बन पेपर घातला (कार्बन पेपर अजून मिळतो, हे मला माहीत नव्हतं) आणि बॉनेटवर वही ठेवून लिहायला लागले. तारीख, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर. मग वाचून दाखवलं, “किरकोळ घासले. आपसांत मिटवले. कोणाची कोणावर तक्रार नाही.” आणि मान वर न करता विचारलं, “कारण काय लिहू?”

“कारणही लिहायचं असतं?”

“कारण लिहिलं नाही तर पुन्हा घडतं.”

“ऊन,” मी म्हणाले. त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘कारण : ऊन’. दोघांनी सह्या केल्या. खालची प्रत त्यांनी मला दिली. मी त्यांना माझं कार्ड दिलं आणि म्हटलं, दुरुस्तीचा जो काही खर्च होईल तो कळवा. त्यांनी कार्ड वाचलं. “डोळे तपासता तुम्ही?” “तेहतीस वर्षं झाली,” मी म्हणाले. “बरं,” ते म्हणाले. ते ‘बरं’ माझ्याबरोबर दुकानापर्यंत आलं आणि दिवसभर राहिलं.

माझी तपासणीची खोली दहा बाय आठ आहे. खिडकी नाही. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. अठरा वर्षांत मी तो तक्ता बदललेला नाही. दर जानेवारीच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडण्याआधी मी स्वतः त्या खुर्चीत बसते, एकेक डोळा झाकते आणि वरपासून खालपर्यंत वाचते. सातवी ओळसुद्धा अडखळत नाही. मग रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढे ‘उत्तम’ असं लिहिते. या जानेवारीतही लिहिलं. तो तक्ता मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी उलटा म्हणून दाखवीन, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आणि तक्ता फक्त समोरचं विचारतो, बाजूचं विचारत नाही, हेही मी शिकलेली बाई आहे म्हणून मला ठाऊक आहे. डोळ्यातला दाब मोजायचं यंत्रही त्याच खोलीत आहे. बुबुळावर हवेची फुंकर मारतं. त्याच्या एका बाजूला हनुवटी टेकवायची असते आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी बटण दाबायचं असतं. काउंटरवर चष्म्याच्या फ्रेमा दाखवणारी बाई अकरा वर्षं माझ्याकडे आहे, एका हाकेवर. मी तिला एकदाही म्हटलं नाही, की ये, जरा बटण दाब. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, रोज झाडून पुसून ठेवलेला.

माझी ख्याती कडक बाई अशी आहे. लायसन्सच्या फॉर्मवर सही हवी असेल तर लोक माझ्याकडे यायचं टाळतात. तीनेक वर्षांपूर्वी माल पोचवणाऱ्या व्हॅनचा एक ड्रायव्हर आला होता, चाळिशीचा. कडेचं दिसणं बरंचसं गेलं होतं त्याचं. समोरचा तक्ता खडाखडा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की झालं ना आता. मी सही केली नाही. तो म्हणाला, मॅडम, मला दिसतंय हो, मी सांगतोय ना मला दिसतंय. मी म्हटलं, न दिसणारं दिसत नाही हे माणसाला कळत नाही, म्हणून तर तपासायचं. वाक्य फार छान होतं, मला स्वतःलाच आवडलं होतं. तो खुर्चीत बसून रडला आणि मी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला. सोमवारी दुपारी तो डबा टेबलाच्या डाव्या कडेला होता. माझा कोपर लागला आणि तो खाली पडला. काउंटरवरच्या बाईने उचलून जागेवर ठेवला. या महिन्यात तिने तो कितव्यांदा उचलला ते तिलाच माहीत.

आईला काचबिंदू होता. तेव्हा आमच्या घरी तो शब्द नव्हता. तेव्हा आईला ‘धांदरट’ म्हणायचे. तिच्या दोन्ही दंडांवर कायम काळेनिळे डाग असायचे, कारण दाराच्या चौकटी तिला लागायच्या. कप ती टेबलाच्या अगदी काठावर ठेवायची आणि कप फुटला की बाबा म्हणायचे, आणखी एक गेला, आता वाटीतून चहा पिऊ. सगळे हसायचे. मीसुद्धा. आई म्हणायची, “मी काय करू, घरच अरुंद झालंय.” कोणीतरी रोज रात्री भिंती थोड्या आत सरकवतं, असं तिचं म्हणणं. पुढे तिला समोरचंही दिसेनासं झालं, तेव्हा मी डोळ्यांचं शिक्षण घेत होते. सुट्टीत घरी आले आणि पुस्तकात वाचलेलं आईच्या चेहऱ्यावर ओळखलं. तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हा विचारते, घरात कोणाला काचबिंदू होता का? तेहतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणारी मीच. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.

मंगळवारी मी नातीला आणायला गेले. तिला सगळे मिठू म्हणतात, कारण तोंड मिटत नाही. आठ वर्षांची आहे. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसते आणि बसल्या बसल्या आमचा खेळ सुरू होतो. रस्त्याच्या डावीकडे काय काय येतंय ते तिने सांगायचं. उजवीकडचं सांगितलं तर बाद. आजी, कचऱ्याची गाडी. आजी, दोन पोरं, एकाच्या पाठीवर गिटार. आजी, सायकल, सायकल, जवळ आली. मी म्हणते शाब्बास आणि जरा उजवीकडे घेते. मागच्या थंडीत मीच काढला हा खेळ, पोरीचा वेळ जावा म्हणून. त्या दिवशी गाडीत चढण्याआधी तिने दारावरचा ओरखडा बघितला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं, अगदी त्या गृहस्थांनी फिरवलं होतं तसं.

“आजी, हे काय झालं?”

“कोणीतरी घासून गेलं गं.”

“कधी?”

“काल.”

“काल मी नव्हते ना,” मिठू म्हणाली आणि आत बसून पट्टा लावला. मी ऐकलं आणि गाडी सुरू केली. रस्ताभर तिने मला सतरा गोष्टी सांगितल्या. मी एकालाही घासले नाही. घरी सोडताना लेकीने खिडकीतून हात केला. मी गाडी अशी वळवली, की ओरखडा पलीकडच्या बाजूला राहील. या वयात असली हुशारी सुचते याचं मला थोडं कौतुक वाटलं, थोडी लाज वाटली. कौतुक आधी वाटलं, हेही सांगून टाकते.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता ते दुकानात आले. तोच गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट किंवा तसाच दुसरा. मी खर्चाचं विचारलं, तर त्यांनी मला बाहेर नेऊन गाडी दाखवली. खळगा नव्हता. बंपरवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं आणि आतून अंगठ्याने ढकललं, टक्कन बाहेर आला, ते म्हणाले. ओरखड्यावर पॉलिश घासलं होतं. वाकून बघितलं तरच दिसत होता. “चौतीस वर्षं बस चालवली, ताई. एवढं येतं.” मग आत येऊन, काउंटरवरच्या बाईने दिलेलं पाणी पिऊन, त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म. डोळे तपासणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती.

“भरपाई द्यायचीच असेल तर एवढं करा,” ते म्हणाले. “दहा दिवस राहिलेत. मुलगा म्हणतो मी घेऊन जातो डॉक्टरांकडे. त्याचे ओळखीचे आहेत. त्यांना तो आधीच सांगून ठेवणार, नापास करा म्हणून.”

म्हणजे हे असं होतं तर. त्या ‘बरं’चा अर्थ तीन दिवसांनी कळला, असं मला वाटलं. माझी एक सही त्यांच्या चिठ्ठीवर होतीच, आता दुसरी या फॉर्मवर हवी होती. मला त्या व्हॅनवाल्याचा चेहरा आठवला. मी म्हणाले, “तपासल्याशिवाय मी सही करत नाही.” आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“तपासाच की. खोटी सही नकोच आहे मला. खोट्या सहीने बस चालत नाही.” ते तपासणीच्या खोलीत आले, खुर्चीत बसले, तळवे गुडघ्यांवर ठेवले. मी तक्ता लावेपर्यंत ते बोलत राहिले. “आमच्या डेपोत पद्धत होती. दोन बस घासल्या तर वर कळवायचं नाही. आपसांत. पण ज्याची बस घासली गेली, त्याने दुसऱ्या दिवशी घासणाऱ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून एक अख्खी फेरी करायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं. आणि उतरताना एकच शब्द सांगायचा. चालव, नाहीतर थांब.”

“आणि तो ऐकायचा?”

“ऐकावंच लागायचं. एकदा मी माझ्या जवळच्या मित्राला थांब म्हटलं. तीन वर्षं बोलला नाही माझ्याशी. मग एके दिवशी माझ्याच बसमध्ये तिकीट काढून चढला आणि पुढच्या सीटवर येऊन बसला.”

चष्मा लावून त्यांनी सातव्या ओळीपर्यंत वाचलं, एक अक्षर चुकलं. दाब मोजला. बटण मी दाबलं आणि ते फुंकरीला दचकले नाहीत. दाब ठीक होता. उरली कडेची नजर. त्यासाठी मोठं यंत्र असतं, ते माझ्याकडे नाही, पण हाताने करायची एक जुनी तपासणी आहे आणि माझा तिच्यावर यंत्रापेक्षा जास्त विश्वास. तपासणारा आणि तपासून घेणारा गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. मी माझा उजवा डोळा झाकायचा, समोरच्याने त्याचा डावा. उघड्या डोळ्याने एकमेकांच्या उघड्या डोळ्यातच बघायचं, हलायचं नाही. मग मी दोघांच्या बरोबर मध्ये माझं बोट बाहेरून हळूहळू आत आणायचं. ज्या क्षणी मला दिसेल, त्याच क्षणी त्यालाही दिसायला हवं. त्याला उशिरा दिसलं तर त्याच्यात दोष. तपासणाऱ्याचा डोळा हीच पट्टी. पट्टीच चुकीची असेल तर काय करायचं, हे पुस्तकात नाही. ती बरोबर आहे असं धरूनच पुढचं सगळं लिहिलेलं आहे.

आधी मी डावा डोळा झाकला, त्यांनी उजवा, आणि मी माझ्या उजवीकडून बोट आणलं. दिसलं, मी मनात म्हटलं, आणि ते मोठ्याने म्हणाले, “दिसलं.” एकाच वेळी. मग आम्ही डोळे बदलले. मी उजवा झाकला, त्यांनी डावा. त्यांचा डोळा पिंगट होता, स्वच्छ, कडेला म्हातारपणाची फिकट कडी. मी डावा हात लांब केला आणि बोट आत आणायला लागले.

“दिसलं,” ते म्हणाले.

मला काहीच दिसलं नव्हतं. नापास व्हायला घाबरणारे लोक असंच करतात, आधीच दिसलं म्हणून टाकतात. मी पुन्हा हात लांब केला आणि म्हटलं, “आता नुसतं दिसलं म्हणू नका. किती बोटं ते सांगा.”

“दोन.”

मी दोनच धरली होती. डोळ्याला नाही, पण हाताला माहीत होतं. मी एक वाढवलं.

“तीन.”

“आता?”

“आता मूठ आहे.”

मूठच होती. मी ती आत आणत राहिले. खोलीत अजिबात आवाज नव्हता, फक्त तक्त्याच्या दिव्याची बारीक गुणगुण. त्यांच्या खांद्यापाशी माझी मूठ असायला हवी होती. तिथे त्यांच्या शर्टाची बाही होती आणि बाहीच्या पुढे काहीच नव्हतं. काळंही नव्हतं. काळं असतं तर बरं झालं असतं, काळं दिसतं. इथे खोली तिथपर्यंत येऊन संपत होती आणि आपण संपलोय हे खोलीला माहीत नव्हतं. मूठ त्यांच्या कानाजवळ आली, तेव्हा ती माझी मला सापडली. मग मी न बोलता उजव्या डोळ्यासाठीही तसंच केलं, तोच डावीकडचा हात, नाकाच्या बाजूने. तोही कोपरा कुरतडलेला निघाला. घरच अरुंद झालंय. आई हे गंमत म्हणून सांगत नव्हती. आम्ही हसत होतो.

मला थंडीतली ती दुपार आठवली. मिठूला गाडीत बसवलं होतं, पहिल्याच चौकात डावीकडून कोणीतरी ओरडलं होतं, आणि मी म्हणाले होते, मिठू, आपण एक खेळ खेळू या का? पोरीचा वेळ जावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला मी माझा डावा डोळा करून मागच्या सीटवर बसवलं होतं, नेमकं त्याच बाजूला जिथून काही आलं असतं तर आधी तिच्यावर आलं असतं. चार महिने. आठवड्यातून दोनदा. एवढी भीती मला आईच्या शेवटच्या दिवसांतही वाटली नव्हती.

“हलू का?” त्यांनी विचारलं. ते अजून नियमाप्रमाणे एक डोळा झाकून माझ्या डोळ्यात बघत होते.

“जरा थांबा,” मी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी हात खाली घेतला. “संशय होता. हॉर्न वाजला की माणूस बघतोच, ताई. चुकीच्या बाजूला बघेल, पण बघेल. तुम्ही बघितलंच नाहीत. तुमच्या बाजूने तिथे काही नव्हतंच.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“रस्त्यात उभं राहून? अनोळखी बाईला?” ते म्हणाले. “आणि सही मला खरंच हवी होती.”

मी फॉर्म पुढे ओढला आणि भरला. चष्म्याने समोरची नजर चांगली, दाब योग्य, कडेची नजर दोन्ही बाजूंना पूर्ण. खाली सही केली, शिक्का मारला. सही नेहमीपेक्षा नीट आली. त्यांनी फॉर्मच्या पुन्हा चार घड्या घातल्या, पण उठले नाहीत. मला कळलं, की फेरी संपली आहे आणि ते उतरायच्या आधी थांबलेत.

“सांगा,” मी म्हणाले. “चालव की थांब?”

त्यांनी टेबलाच्या कडेला आलेला कागदी रुमालांचा डबा मधोमध सरकवला. मग म्हणाले, “थांबा, ताई.”

मी रडले नाही, पण डबा जवळ होता हे बरं झालं. खणातून चिठ्ठीची माझी प्रत काढली. कार्बनची निळी अक्षरं. ‘ऊन’ वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘दिसलं नाही.’ त्यांनी खिशातून आपली प्रत काढली आणि माझं बघून तिच्यावरही तसंच लिहिलं, त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात. शाळेपर्यंत सोडू का, असं विचारलं. मी म्हटलं, आज चालत जाते, वीस मिनिटांचा रस्ता आहे. ते गेल्यावर मी लेकीला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवत बसले असते तर लावलाच नसता.

“सोमवारी मी एका गाडीला ठोकलं,” मी म्हणाले. “मोठं काही नाही, आपसांत मिटलं. पण मला डावीकडचं दिसत नाही. बरेच दिवस झाले असणार.”

मी वाट बघत होते, की आता ती ‘मी सांगत नव्हते का’ म्हणेल. तिने विचारलं, “आजीसारखं?”

“हो. तसंच वाटतंय.”

“मी निघू का आत्ता?”

“नको. मिठूला मी चालत घेऊन येते. उद्या मला डॉक्टरांकडे ने. आणि गाडीची किल्ली संध्याकाळी घेऊन जा.” किल्लीचं बोलताना आवाज जरा फाटला. तिला तो कळला असणार, कारण ती नुसतं “बरं, आई,” म्हणाली. तेहतीस वर्षांत मी किती लोकांना गाडी विका म्हणून सांगितलं. ते घरी जाऊन काय करत असतील, हा विचार मला पहिल्यांदा आला.

शाळेच्या दारात मिठूने माझ्या मागे गाडी शोधली. “गाडी कुठंय?”

“दुकानामागे. आता चालतच जायचं.”

“रोज?”

“मी येईन तेव्हा.”

तिने दप्तर खांद्यावर नीट घेतलं, माझ्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि माझा डावा हात धरला. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. आम्ही फुटपाथने निघालो. तिच्या वर्गातल्या कोणाचा तरी दात पडला होता आणि तो हरवला होता आणि बाईंनी सगळ्यांना बाकाखाली शोधायला लावला होता. गोष्ट मध्येच थांबवून ती म्हणाली, “आजी, खांब.” मी जरा उजवीकडे झाले. दात शेवटी डब्यात सापडला. मग, “आजी, सायकल.” वाऱ्याचा एक झोत अंगाला लागला आणि घंटी पुढे निघून गेली.

“मिठू,” मी म्हणाले, “ती सायकल मला दिसली नाही.”

“माहितीये,” ती म्हणाली. “म्हणून तर सांगते.” आणि लगेच, “आजी, पायरी.”